काकीजींच्या वाट्याचा शिरा

लग्नाच्या पंगतीत बायका एकमेकींचे दागिने बघतात, साड्यांचे काठ बघतात. मी दंड बघते. माझी भाची चिडते. म्हणते, "मावशी, माणसांकडे असं खाटकासारखं बघू नकोस गं." पण सवय आहे, जाता जात नाही. जालन्याच्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची मी सिस्टर होते, आणि ऑपरेशनच्या आधी माणूस बघून ठेवणं हे माझं काम होतं. कानशिलं खोल गेलीत का, दंडाची कातडी चिमटीत धरली तर खाली काही लागतं की नुसती कातडीच हातात येते, उकिडवी बसलेली बाई जमिनीला हात न टेकता उठते का, असं सगळं बघायचं. बाई बोलत असायची नवऱ्याबद्दल, आणि माझं लक्ष तिच्या दंडावर.

लोकांना वाटतं, ऑपरेशन म्हणजे डॉक्टरच्या हाताचं कसब. ते अर्धंच खरं आहे. कापतो डॉक्टर, शिवतो डॉक्टर, पण जखम भरून येते ती पेशंटच्या अंगातून. अंगात काही शिल्लक असेल तर भरते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आज हे कुणीही सांगेल. तेव्हा, निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती त्या काळात, आम्ही ते एका माणसाचा जीव गेल्यावर शिकलो.

तो शहागडचा. जठराच्या तोंडाशी गाठ, पोटात काही ठरत नव्हतं. घरच्यांनी महिनाभर पेजेवर ठेवून मग आणला, तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता. आमच्या डॉक्टरसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं आणि ते सुंदर झालं. आम्ही सगळे खूश होतो. आठवडाभरानं तो माणूस खोकला आणि पोटावरची शिवण उसवली. पुढचं सांगत नाही. डॉक्टरसाहेब बराच वेळ हात धूत उभे होते. म्हणाले, "मी शिवलं ते बरोबर होतं हो सिस्टर. शिवायला कापडच नव्हतं."

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला: आधी अंग, मग चाकू. गाठीचा पेशंट आला की आधी त्याला खाऊ घालायचं. दूध, डाळ, शेंगदाणे, गूळ, चालत असतील त्याला अंडी. अंग भरलं की मगच टेबलावर घ्यायचं.

नियम चांगला होता, पण त्यानं माझी झोप उडवली. कारण गाठ कुणासाठी थांबत नाही. आम्ही माणसाला खाऊ घालत बसायचो आणि आत ती आपलं काम करत असायची. छातीची गाठ बोटांनी हलवली तर सरकते, तोवर आशा. एकदा ती बरगड्यांना चिकटली की कापूनही उपयोग नाही. म्हणजे एका बाजूला अंग भरायची घाई, दुसऱ्या बाजूला गाठ चिकटायची भीती. या दोन्हींच्या मध्ये मी, रोज सकाळी पेशंटचे दंड चाचपत.

अशात एका पावसाळ्यात दोघी जणी शेजारशेजारच्या खाटांवर आल्या.

एक होती गयाबाई, केदारखेड्याची, कास्तकाराची बायको. चाळिशीची असेल. उन्हात करपलेली, काटकुळी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. दुसऱ्या खाटेवरच्या बाईंना सगळा वॉर्ड काकीजी म्हणायचा. मूळ राजस्थानातलं जैन घराणं, पण तीन-चार पिढ्या जालन्यात गेलेल्या. मुलाची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत. काकीजी विधवा होत्या, गोऱ्या, बारीक आवाजाच्या, कुणाला कधी तोडून न बोलणाऱ्या. दोघींच्याही छातीत गाठ, दोघींनीही लाजेपायी ती वर्षभर पदराखाली लपवलेली. आणि दोघींच्याही अंगावर मांस म्हणून नाही.

काकीजींचा मुलगा पारसशेठ पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "शिष्टरबाई, खर्चाची फिकर बिलकुल करू नका. काय लागंल ते बोला." मी म्हटलं, "शेठ, मला वजनाचा काटा लागतो." आमच्याकडे फक्त तान्ह्या बाळांचा काटा होता. दुसऱ्या दिवशी हमालांनी आडतीतला फळीचा मोठा काटा आणून व्हरांड्यात ठेवला. बायका त्यावर चढेनात. गयाबाई म्हणाली, "मी काय सरकीचं पोतं हाय का? मानसाला तोलू न्हाई शिष्टरबाई, नजर लागती." मी आधी स्वतः चढून दाखवलं. माझं वजन बघून ती इतकी हसली की हसता हसता चढली.

काकीजींचं जेवण घरून यायचं. त्यांची सून कमला दुपारी पितळी डबा घेऊन यायची: तुपातला शिरा, मुगाचं वरण, आटीव दूध. घरी लेकरं लहान, म्हणून काकीजी तिला लगेच परत पाठवायच्या. "तू जा बेटा. मी खाते सावकाश." संध्याकाळी गडी डबा न्यायला यायचा तेव्हा तो रिकामा असायचा. उशाशी एक ज्वारीच्या लाह्यांची पिशवी असायची. मधेच केव्हातरी त्या मूठभर लाह्या उकळलेल्या पाण्यात भिजवून खायच्या. खाऊन झालं की वाटीत थोडं पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि ते पिऊन टाकायचं. अन्नाचा कणही वाया जाता कामा नये, ही त्यांच्याकडची रीत. मला ती फार आवडायची.

गयाबाईचं अंग बघता बघता भरलं. लिंबाजी, तिचा नवरा, गावाकडून अंडी आणायचा, दवाखान्याचं दूध होतंच. तरी इतकं जल्दी कुणाचं अंग भरलेलं मी पाहिलं नव्हतं. गालावर तकाकी आली. डॉक्टरसाहेबांनी तिचं ऑपरेशन केलं, आणि जखम अशी जुळून यायला लागली की मी येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला बोलावून दाखवायची.

काकीजी मात्र उतरत होत्या. रोज तूप-दूध पोटात जात होतं आणि काटा खाली सरकत होता. मी काळजीनं अर्धी झाले. डॉक्टरसाहेब त्यांना तपासायला वाकले की मी गाठीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते म्हणायचे, "सरकतेय अजून." पण 'अजून' हा शब्द ते दरवेळी जरा जास्त लांबवतायत, असं मला वाटायचं.

आणि एका सकाळी काटा वर गेला. चांगला घसघशीत वर. चेहराही भरल्यासारखा दिसत होता. मी स्वतः पारसशेठला निरोप धाडला. तो पेढे घेऊनच आला. सगळ्या वॉर्डात पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही. काकीजींच्या डोळ्यांखालची सूज बघितली, मग खाली वाकून नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला. कणकेच्या गोळ्यात बोट रुतवावं तसा, आणि तो भरून येईना.

"हे वजन पाण्याचं आहे," ते म्हणाले. "पोटाला काही मिळालं नाही की अंगात पाणी साचतं. ही बाई उपाशी आहे."

पारसशेठच्या हातात पेढ्याचा पुडा तसाच. कमला तर रडायलाच लागली. "मी रोज डबा आणते हो! रोज रिकामा परत येतो!" आणि मग बोलता बोलता थांबली. "पण डब्याला तूप चिकटलेलं असतं. सासूबाई कधी पाणी फिरवून प्यायल्याशिवाय वाटी सोडत न्हाईत."

सगळ्यांच्या नजरा एकदमच शेजारच्या खाटेकडे गेल्या. गयाबाई पेढा खात होती. तिनं तो गिळला.

"मी खाल्लं," ती म्हणाली. "काकीजीच देऊन राह्यल्या. म्हनल्या, माझं पोट भरलं, टाकायला जीव होत न्हाई, तू खा. मला काय म्हाईत?"

मग काकीजींनी हळूहळू सांगितलं. दवाखान्यात यायच्या आधी त्यांनी नेम घेतला होता: आयंबिल करायचं. म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीला जेवायचं. त्यात तूप नाही, तेल नाही, दूध नाही, गोड नाही, मीठ-मसालाही नाही. या व्रतानं रोग जातात, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. पुष्कळ जण ते नऊ दिवस करतात. काकीजींनी नेम घेतला होता तो गाठ जाईपर्यंत. घरचे करू देणार नाहीत म्हणून कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरसाहेब एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "तुमचा नेम गाठ जाईपर्यंत न खाण्याचा. माझा नेम, तुम्ही खाल्ल्याशिवाय गाठ न काढण्याचा. आता बसू दोघं असेच!" आणि ते निघून गेले.

पारसशेठ आधी ओरडला, मग खाटेच्या पायाशी बसला. "माँ, तुला माझी आण हाय." काकीजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बस्स.

मी कमलाला घेऊन स्थानकात, म्हणजे त्यांच्या साधू-साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, गेले. चातुर्मास होता, साध्वी मुक्कामाला होत्या. तोंडावर पांढरी पट्टी बांधलेल्या त्या वृद्ध साध्वीजींनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी अनवाणी चालत दवाखान्यात आल्या. काकीजींना म्हणाल्या की रोगात शरीर सांभाळायची सवलत नेमातच ठेवलेली असते. ती घेतली तर नेम मोडत नाही. मला वाटलं, सुटलो. काकीजींनी हात जोडून सगळं ऐकलं. साध्वीजी गेल्या. कमलानं दुधाची वाटी पुढं केली. काकीजींनी मान हलवली.

"अहो, का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"सवलत हाय, मला मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पण शिष्टरबाई, नेम सोडला आन तरी मी मेले, तर? दोन्हीकडून गेले ना मी. देह बी गेला आन नेम बी गेला."

ऑपरेशन नीट होईलच, अशी खात्री देणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी उठून व्हरांड्यात गेले आणि त्या मेल्या काट्याला लाथ मारली. पायाचा अंगठा सुजला, तेवढंच झालं.

त्या दुपारी गयाबाईनं जेवणाचं ताट परत पाठवलं. मला वाटलं पोट बिघडलं असेल. संध्याकाळचं दूधही तिनं ठेवून दिलं. दुसऱ्या सकाळी लिंबाजीनं आणलेली अंडी तशीच.

"गयाबाई, हे काय चाललंय? तुझे टाके ओले आहेत."

"असू द्या. काकीजी खातील तवा मी खाईन."

"अगं, जखम उलेल तुझी! मरशील!"

"शिष्टरबाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मला वाटलं, त्यांचं पोट भरून उरलेलं देऊन राह्यल्या. मी त्यांच्या तोंडचा घास खाल्ला. ही जखम त्यांच्या तुपावर भरून राह्यली. आता माझ्या नरड्याखाली काई उतरत न्हाई."

शेजारून काकीजी म्हणाल्या, "गया, खा बाई. तुझी जखम कच्ची हाय."

"तुमी खा."

"मला नेम हाय."

"मंग मला बी नेम हाय."

वॉर्डातल्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही. आता एकीच्या जागी दोघी उपाशी होत्या आणि त्यातली एक ताज्या जखमेची. मी ड्रेसिंग उघडलं. जखमेच्या एका टोकाला चिकट पाणी दिसत होतं. शहागडच्या माणसाची सुरुवात अशीच झाली होती. डॉक्टरसाहेबांनी बघितलं आणि गयाबाईला चांगलं खडसावलं. तिनं डोळे मिटून घेतले. मी लिंबाजीला सांगितलं, समजाव तिला. तो बिचारा म्हणाला, "तिला? तिला मी आजवर कवा समजावलं न्हाई. आता कसं समजावू?"

त्या दिवशी उन्हं उतरायला लागली. काकीजी सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत, म्हणजे आता राहिलं तर उद्यावर. गयाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, चेहरा पिवळट, बडबड बंद. तिला गप्प पडलेली मी त्या वॉर्डात तेव्हाच पाहिली. काकीजी कितीतरी वेळ तिच्या पाठीकडं बघत होत्या. मग मला जवळ बोलावलं.

"हिला काही झालं तर पाप कोणाचं?"

कुणीही भली बाई म्हणाली असती, असं मनात आणू नका काकीजी. मी दोन दिवसांची जळत होते. मी म्हटलं, "तुमचं."

त्यांचा चेहरा बदलला. ज्या घराण्यात मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतात, तिथल्या बाईला मी हे ऐकवलं होतं. त्या उठून बसल्या. स्थानकाच्या दिशेला हात जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, आणि आता रोज संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्या कमलाला म्हणाल्या, "डबा उघड."

तर गयाबाई उठली. कुशीला हात धरून, कण्हत, दोन खाटांमधल्या जागेत येऊन उभी राहिली आणि कमलाच्या हातातली दुधाची वाटी तिनं आपल्या हातात घेतली. काकीजी घराबाहेरच्या कुणाच्या हातचं कधी घेत नसत. पण मोठा उपास दुसऱ्याच्या हातून सोडायचा, ही त्यांचीच रीत. काकीजींनी त्या काळ्या, भेगाळलेल्या हाताकडं बघितलं आणि तोंड उघडलं. अर्धी वाटी दूध पोटात गेल्यावर त्यांनी शिऱ्याचा घास गयाबाईच्या तोंडात घातला. कमला रडत होती, लिंबाजी दाराशी उभा राहून डोळे पुसत होता, आणि मी सगळ्यांवर ओरडत होते की गर्दी करू नका, हा दवाखाना आहे.

पुढचे दिवस सोपे नव्हते. आधी काकीजींची सूज उतरली, तसा काटा खाली यायला लागला, आणि डॉक्टरसाहेब खूश. पारसशेठला कळेना की वजन वाढल्यावर हे चिडतात आणि उतरल्यावर हसतात, हा कुठला हिशोब. मी त्याला समजावलं: आधी पाणी जाईल, मग मांस येईल. तसंच झालं. पण गाठीचं काय? शेवटी एकदा डॉक्टरसाहेबांनी फार वेळ हात ठेवला आणि म्हणाले, "अंग अजून पाहिजे तेवढं भरलं नाही. पण आता थांबलो तर चिकटेल. परवा घेऊ."

घेतलं. गाठ बरगडीच्या अगदी तोंडाशी होती, पण सुटी निघाली. पुढं आठवडाभर काकीजी खोकल्या की माझा जीव वर यायचा. जखम सावकाश भरली, पण भरली.

गयाबाई त्याआधीच घरी गेली होती. निघताना तिनं काकीजींना दम भरला. "तपासायला येईन तवा शिरा पायजे. दोघींनी मिळून खायचा. आन मी न्हाई आले तर माझ्या वाट्याचा तुमीच खायचा. टाकायचा न्हाई. बोला, कबूल?"

"कबूल," काकीजी म्हणाल्या.

दोनदा त्या दोघी तपासणीला आल्या, आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून शिरा खाल्ला. गयाबाई गावभरच्या गोष्टी सांगायची, काकीजी तोंडाला पदर लावून हसायच्या. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं, या दोघींतली कोण जगेल, तर मी डोळे मिटून गयाबाईकडं बोट दाखवलं असतं. तिचा दंड बघा, म्हटलं असतं.

तिसऱ्या खेपेला लिंबाजी एकटाच आला. सकाळीच आला, मला सांगायला. "पाठ लई दुखून राह्यल्ती तिची. मंग दम लागाया लागला. जल्दीच झालं सगळं, शिष्टरबाई. तुमाला सांगा म्हनली व्हती."

डॉक्टरसाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गाठ आधीच आत पसरलेली असणार. चाकूतून पार नेण्याएवढं अंग आपण देऊ शकतो. पुढचं नाही." बरोबरच होतं. पण मला फार राग आला, कुणाचा ते आजही माहीत नाही. इतकी मजबूत बाई, अशी सुरेख जखम.

काकीजी दुपारनंतर आल्या, डबा घेऊन, आणि बाकावर नेहमीच्या जागी बसल्या. शेजारची जागा पदरानं झटकून ठेवली. मला सांगणं भाग होतं. सांगितलं. त्या रस्त्याकडं बघत राहिल्या. उन्हं कलत चालली होती आणि माझ्या मनात एकच भीती होती, की आता ही बाई पुन्हा काहीतरी सोडणार. नवा नेम घेणार, आणि या वेळी तो सोडवायला शेजारच्या खाटेवर कुणी नाही.

काकीजींनी डबा उघडला. दोन वाट्या काढल्या, दोन्हींत सारखा शिरा वाढला. आधी आपली वाटी संपवली. मग दुसरी उचलली. दोन घास गेले आणि तिसरा हातातच राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "काकीजी, राहू द्या आता. उद्या खा."

"टाकायचा न्हाई म्हनली होती," त्या म्हणाल्या, आणि घासामागून घास घेत राहिल्या. समोरच्या लिंबावरचं ऊन शेंड्यावर पोचेपर्यंत वाटी रिकामी झाली. मग त्यांनी त्या वाटीत थोडं पाणी घातलं, बोटानं सगळीकडून फिरवलं आणि गयाबाईच्या वाटीतलं ते पाणीही पिऊन टाकलं.